बाबांच्या गाडीची चोरी

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी बाबांनी मुलीला नेहमीसारखं कामावर, ग्रंथालयाच्या दारात सोडलं. वाटेत नेहमीसारखंच प्रत्येकाचं काही ना काही चुकत होतं. एक ट्रकवाला इशारा न देता वळला, एक बाई आरशात मागचा रस्ता सोडून स्वतःचे केस बघत होत्या. "हा माझा नाही. ही पण माझी नाही," बाबा पुटपुटत होते. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि त्यांच्या मते शहरात दोनच प्रकारचे चालक होते: त्यांनी शिकवलेले आणि देवाच्या भरवशावर निघालेले. मुलगी उतरताना "बरं, येते" एवढंच म्हणाली. त्या दिवशी तेवढं पुरेसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवून आईला आणि मुलीला आत घेतलं. हा डिमेन्शिया आहे, हळूहळू वाढत जाईल, गाडी चालवणं मात्र आजपासून बंद, असं त्यांनी सांगितलं.

"पण हे त्यांना सांगायचं कुणी?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यामुळे कुणीच सांगितलं नाही. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानामागे बंद आवार. बाबा दुपारचे झोपलेले असताना त्याने गाडी तिथे नेली आणि तिच्यावर डबल बेडची चादर घातली. टपावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी होती, तिला वेगळा अभ्रा चढवावा लागला.

"दोन दिवसांत विसरतील," तो म्हणाला.

बाबा विसरणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. काय विसरायचं ते मात्र बाबाच ठरवत होते. जेवण झालं की नाही ते विसरले. नाकावरचा चष्मा घरभर शोधला. गाडी विसरले नाहीत.

"गाडी कुठंय?"

"गॅरेजला दिलीय," आई म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण आईला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि सगळ्या नवशिक्यांसारखं तिलाही वेळेवर थांबता येईना. "रेडिएटर गळतोय. शिवाय मागचं दार कुरकुरतं. मेकॅनिक म्हणाला, बरं झालं आजच आणलीत."

"कुठला मेकॅनिक?"

आईने मुलीकडे पाहिलं. मुलीने छताकडे.

बाबांनी चपला घातल्या. एकटं कसं सोडायचं म्हणून मुलगी मागोमाग निघाली, आणि वडिलांबरोबर अख्ख्या शहरातली गॅरेजं हिंडून आली. प्रत्येक ठिकाणी "या सर, बसा सर" झालं. गाडी कुठेच नव्हती. नसणार हे तिला ठाऊक होतं, तरी पाय दुखायचे ते दुखलेच.

"एकाही गॅरेजात नाही," घरी येऊन बाबांनी जाहीर केलं.

अशा वेळी गप्प बसावं हे जावयाला कळत होतं, पण मदतीचा त्याला सोस होता. "मग चोरीलाच गेली असेल," तो म्हणाला.

"तुला कुणी विचारलं होतं?" मुलगी दातओठ खात कुजबुजली.

"अगं, विषय संपवला ना," तोही कुजबुजला, आणि दुकान उघडायला निघून गेला.

"चोरी झालीय तर तक्रार द्यायला हवी," बाबा म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. आईने तो काढून घेऊन पाहिला, लपवून पाहिला. त्यांनी दुसरा चढवला. शेवटी तिघंही पोलीस ठाण्यात गेली.

इन्स्पेक्टरबाई खुर्चीवरून उठल्याच. "सर? तुम्ही?"

"अजून क्लचवर पाय ठेवून चालवता का?"

"नाही सर. सोडली सवय."

कोपऱ्यातले दोन शिपाई हसले. बाबांनी तिकडे पाहिल्याबरोबर दोघंही ताठ बसले. तेही बाबांचेच होते.

"मॅडम, जरा बाजूला येता का?" मुलीने विचारलं.

"बाजूला नंतर, ताई. चोरीत सुरुवातीचा वेळ फार मोलाचा." बाईंनी वायरलेस उचलला. "सरांची गाडी गेलीय," एवढंच त्या म्हणाल्या. कुठले सर, हे पलीकडून कुणीही विचारलं नाही.

मुलीने टेबलाखाली नवऱ्याला मेसेज केला: 'पोलीस गाडी शोधतायत.' पुढे तिला 'तू हात लावू नकोस' असं लिहायचं होतं. पण बाई म्हणाल्या, "फोन राहू द्या, ताई, सरांना धीर द्या," आणि अर्धाच निरोप पोहोचला. तो वाचून जावयाने घाबरून गाडी आवाराबाहेर काढली. चादर सोडायला वेळ नव्हता, म्हणून काचेपुरती वर सारली. भर बाजारातून चादर फडफडवत, टपावर अभ्रा घातलेली गाडी निघाली, आणि पहिल्याच चौकात सापडली.

तिला ठाण्यात आणलं तेव्हा सगळे खिडकीपाशी गोळा झाले. जावई चालवत होता आणि शेजारी बसलेल्या शिपायाचा पाय त्या बाजूच्या, शिकवणाऱ्यासाठीच्या जादा ब्रेकवर होता. फाटकात गाडीने दोन गचके खाल्ले आणि ती बंद पडली.

"सर, या माणसाला ओळखता का?" जावयाला आत आणल्यावर बाईंनी विचारलं.

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. आईने मुलीचा हात घट्ट धरला.

"चेहरा लक्षात येत नाहीये," अखेर बाबा म्हणाले. "पण क्लच ओळखला. इतक्या झटक्यात सोडणारा एकच होता माझ्याकडे. तीनदा नापास झाला. हा चोर नाही, बाई. इतकं वाईट चालवून चोराचा धंदा कसा चालेल?"

शिपायांनी भिंतीकडे तोंड केलं.

"दोनदा, बाबा," जावई म्हणाला.

"तीनदा."

"तीनदा," जावयाने कबूल केलं.

"मग गाडी यांच्याकडे कशी?" बाईंनी विचारलं.

जावयाने आईकडे पाहिलं, आईने मुलीकडे. पुढचं खोटं कुणाजवळच शिल्लक नव्हतं. मुलगी बाबांच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली.

"बाबा, गाडी आम्हीच लपवली. तुम्हाला विसरण्याचा आजार झालाय. डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवायची नाही. तुम्हाला सांगायचा धीर आम्हाला होईना."

"आजार मला?"

"हो."

"आणि मी सोडून सगळ्यांना माहीत?"

"आम्हाला आत्ताच कळलं, सर," बाई हळूच म्हणाल्या.

बाबांनी खिडकीतून बंद पडलेल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नवशिक्याची गाडी बंद पडली, की ती का पडली ते आधी त्याला सांगायचं. नाहीतर तो नुसताच घाबरतो." मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले. "चला. उगाच यांचा वेळ घेतला."

बाहेर आवारात, कुणी हुकूम दिलेला नसताना, ठाण्यातली माणसं रांगेत उभी राहिली. त्यांच्यासमोरून बाबा सवयीने चालकाच्या दारापाशी गेले. हँडलवर हात ठेवून थबकले. मग पुढून वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"तोंड का पाडलंयस?" ते मुलीला म्हणाले. "जन्मभर पोटासाठी मी याच सीटवर बसलो. गाडी तर लोकच चालवायचे. बस, आरसा लाव."

आई आणि जावई मागे बसले. मुलीने गाडी एकही गचका न देता फाटकाबाहेर काढली. बाजार ओलांडला, चढ आला, चढावर सिग्नल लागला, पुन्हा सुटला. गाडी सूतभरही मागे सरकली नाही. बाबांचा पाय ब्रेकवर होता, पण त्यांनी तो दाबला नाही.

"छान चालवता," ते म्हणाले. घरच्यांचं तोंडावर कौतुक करायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी आजवर मोडला नव्हता. "कुठं शिकलात?"

मागच्या सीटवर आई पुढे सरकली. जावई खिडकीबाहेर पाहू लागला. मुलीने आरशात पाहिलं, गियर बदलला. नजर रस्त्यावरून हलवली नाही.

"माझ्या वडिलांकडे."

"चांगले शिकवतात. सांगितलंत का त्यांना कधी?"

"नाही. राहूनच गेलं."

"सांगावं. शिकवणाऱ्याला ते स्वतःहून कळत नाही."

तिने इशारा दिला, गाडी हळूच कडेला घेतली आणि थांबवली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखं कुणी शिकवलं नाही. मला तुमचा फार अभिमान वाटतो."