शून्य ओहम, शून्य धोका

सान बार्तोलो गावच्या जत्रेत वाफेचा सर्वांत मोठा ढग सोडणाऱ्याला दरवर्षी एक जिवंत डुक्कर बक्षीस मिळे. ढग मोठा हवा तर वेपमधल्या, म्हणजे बॅटरीवर वाफ ओढायच्या नळीतल्या, तारेची कॉइल कमी ओहमची वळावी लागते. ओहम कमी झाले की बॅटरीतून करंट जास्त ओढला जातो, आणि तो बॅटरीला झेपला नाही तर ती तापते, फुसफुसते आणि कधीकधी नळीसकट तोंडावर फुटते. वेपचं दुकान चालवणारा क्रिसांतो हे अकरा वर्षं सांगत होता. गाव अकरा वर्षं त्याचं आदराने ऐकून घेत होतं.

यंदा त्याचा मेहुणा एल्मो स्पर्धेत उतरला. एल्मो जीपनी, म्हणजे प्रवासी जीपगाडी, चालवायचा आणि ब्रेकपेक्षा हॉर्नवर जास्त भरवसा ठेवायचा. त्याने शून्य पूर्णांक शून्य आठ ओहमची कॉइल वळली होती, आणि ना सर्किट ना फ्यूज अशा पितळी नळीत घालायला एक नारिंगी बॅटरी पैदा केली होती.

"साठ अँपिअरची आहे," एल्मोने ती काउंटरवर ठेवली.

"वीसची निघाली तर नशीब समज. भरलेली बॅटरी चार पूर्णांक दोन व्होल्टची; तुझी कॉइल बावन्न मागणार आहे."

"दाजी, त्यावर छापलंय."

"मी माझ्या स्कूटरवर विमान छापलं तर ती उडेल का?"

"तुमचं सगळं तोंडी. बरांगाय ऑफिसचा कागद दाखवा, लगेच ऐकतो."

क्रिसांतोची बायको लोर्ना आतून कॉफी घेऊन आली. तिने कप आपटलेच. "माझ्या भावाचं तोंड जत्रेतून जसंच्या तसं घरी आलं पाहिजे," ती नवऱ्याला म्हणाली. "कसं ते तुम्ही बघा."

म्हणून क्रिसांतो बरांगाय ऑफिसात, म्हणजे गावच्या कचेरीत, गेला. गावाचे कप्तान हर्मोहेनेस दिमाकुलांगान यांनी विषय शेवटपर्यंत ऐकला, कारण निवडणूक जवळ आली होती. त्यांनी तिथल्या तिथे बॅटरी सुरक्षा समिती नेमली. समितीच्या पहिल्या बैठकीत पान्सितच्या शेवया खाल्ल्या गेल्या. दुसऱ्या बैठकीत चौकात लावायच्या बारा फुटी फलकाचा मजकूर ठरला. फलकावर कप्तानांचा हसरा चेहरा होता आणि उजव्या कोपऱ्यात, नीट वाकून पाहिलं तर, एक बॅटरीही होती.

तिसऱ्या बैठकीत तपासणीचा फॉर्म आला. तो पाणीपुरवठ्याच्या जुन्या फॉर्मवरून तयार केलेला असल्यामुळे त्यात ओहमसाठी एकाच आकड्याची चौकट होती. स्पर्धकांच्या कॉइल मोजायला क्रिसांतोला बसवलं.

"एल्मो, शून्य पूर्णांक शून्य आठ," क्रिसांतोने मीटर बघून सांगितलं.

सचिव मिलाग्रोसबाईंनी शून्य लिहिलं आणि पुढचा माणूस बोलावला.

"बाई, पुढचे आकडे?"

"चौकट एक, आकडा एक. तुमचे बारीकसारीक तुकडे कुठे कोंबू?"

"अहो, सगळा जीव त्या तुकड्यांत आहे."

"हे बघा," मिलाग्रोसबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आत्तापर्यंत सगळ्यांचं शून्यच आलंय. शून्य म्हणजे काही नाही. काही नाही म्हटल्यावर धोका कशाचा?"

अशा रीतीने सान बार्तोलोतला धोका एका दुपारीत शून्यावर आला. क्रिसांतोने तीन अर्ज दिले. त्यांच्या पोचपावत्या त्याला वेळेत मिळाल्या.

मग स्टिकर आले. सुरक्षित ठरलेल्या प्रत्येक बॅटरीला कप्तानांचा फोटो असलेला स्टिकर लावायचा होता, पण बॅटरीच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून तो सुटून यायचा. मिलाग्रोसबाईंनी ब्लेड मागवलं आणि प्लास्टिक सोलायला सुरुवात केली.

क्रिसांतो धावत कप्तानांकडे गेला. "कप्तान, ते प्लास्टिक म्हणजे बॅटरीचं कातडं आहे. ते काढलं की वरच्या कडेला अधिक आणि उणे एकमेकांपासून नखभर लांब राहतात. नळीचं पितळ दोन्हींना टेकलं की खेळ खलास."

"म्हणजे माझा फोटो लावूच नये असं तुमचं म्हणणं?"

"फोटो डबीवर लावा."

"डबी लोक फेकून देतात," कप्तान दुखावले. "सुरक्षा लोकांच्या हातात पोचली पाहिजे."

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस बॅटऱ्या सोलून, स्टिकर लावून, नोंदवून परत देण्यात आल्या. एल्मोने आपली बॅटरी दाजीला दाखवली. तिच्यावर कप्तान चकाकत होते. "आता आहे ना कागद?" तो म्हणाला.  त्या रात्री लोर्नाने क्रिसांतोचं अंथरूण दुकानात टाकलं.

जत्रेच्या दिवशी स्पर्धक ओळीने उभे राहिले. उद्घाटनाचा पहिला झुरका कप्तानांचा, हा रिवाज. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि सर्वांत चकचकीत नळी मागितली. ती एल्मोची होती. एल्मोने ती दोन्ही हातांनी, मान लववून दिली.

"कप्तान, ती घेऊ नका," क्रिसांतो गर्दीतून ओरडला.

"तपासलेली आहे," कप्तान माइकवर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

ढग निघाला, पण नळीच्या खालून. कप्तानांनी नळी भिरकावली, ती फलकावर आपटली आणि बारा फुटी हसऱ्या चेहऱ्याने पेट घेतला. खऱ्या चेहऱ्याची डावी मिशी गेली. स्पर्धा रद्द झाली आणि डुक्कर बचावलं.

समितीने आठवड्यात चौकशी पूर्ण केली. नोंदवहीत ओहम शून्य, धोका शून्य असल्याने सदर घटना नोंदीशी विसंगत ठरवून निकाली काढण्यात आली. मिशीबाबत अहवालात उल्लेख नाही.

जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी एल्मो दुकानात आला होता. चेहरा धड होता, फक्त रंग उडालेला. क्रिसांतोने त्याला बसवून सगळं पुन्हा सांगितलं: व्होल्टला ओहमने भागायचं, येईल तो आकडा बॅटरीच्या खऱ्या ताकदीच्या आत ठेवायचा, पाव ओहमच्या खाली उतरायचंच नाही. एल्मोने पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.

"पटतंय, दाजी. पण हे कुठे छापलंय का?"

 क्रिसांतोने प्रिंटर चालू केला, पाव ओहमचा नियम सोनेरी किनारीत टाकला, खाली एक गोल शिक्का काढला आणि शिक्क्यात काहीच लिहिलं नाही. एल्मोने तो कागद खिशात घातला आणि घरी जाऊन कॉइल नव्याने वळली. शनिवारी उरलेले चाळीस जण कागद मागायला दुकानाबाहेर रांगेत उभे होते.

लोर्नाला भावाचं तोंड जसंच्या तसं मिळालं. गावकऱ्यांच्या भोळेपणावर तुम्ही हसलात, ते ठीकच. पण एल्मोची कॉइल बावन्न अँपिअर मागणार, हा भागाकार तुम्ही तरी कुठे करून पाहिलात? छापलं होतं, तेवढं तुम्हाला पुरलं.