चादरी पांघरलेली बाग

आमच्या शेजारचे सिद्रामअप्पा जमिनीला चादर पांघरून झोपवायचे. थट्टा नाही करत मी. सोलापुरात चादर कुणी अंथरतं, कुणी पांघरतं, पाहुण्याला तर हमखास देतात. पण वांग्याच्या वाफ्यावर घालणारा इसम मी एकच पाहिला.

अप्पा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं आयुष्य काढून घरी बसलेले. विणताना बिघडलेल्या चादरी त्यांना कुठून तरी मिळत. एखादीच्या मोराला मान नाही, एखादीला काठ अर्धाच. त्या वाफ्यावर पसरायच्या, कडेनं दगड ठेवायचे आणि कात्रीनं भोकं पाडून वांगी-मिरचीची रोपं वर काढायची. खाली ऊन न मिळून तण मरतं आणि ओलही टिकते, हा त्यांचा शोध. दुष्काळ नुकताच सरला होता, त्यामुळे ओलीचं ऐकून मीही मान डोलावली. एखादं पातं काठाशी डोकावलं, की अप्पा त्याला दम भरत, "झोप गुमान! उठलास तर बग!"

मी शाळामास्तर. हसू दाबणं हा माझ्या नोकरीचाच भाग. पण अप्पांपुढे ते जमायचं नाही.

"हसा मास्तर, हसा," ते म्हणत. "खुरपून खुरपून कंबरडं तुमचं मोडतंय. माजी वांगी बगा की, लई झ्याक हायेत!"

होतीच झकास. कबूल करणं मात्र माझ्या जिवावर यायचं.

पण आमच्या कुंपणालगतची एक पट्टी त्यांनी उघडी टाकली होती. तिथे हरळी नुसती माजलेली, आणि खुशाल माझ्या कोथिंबिरीत शिरायची. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा भडकलोच. "अप्पा, हिच्यावरही टाका ना एक बिनमानेचा मोर!"

तर हा गृहस्थ म्हणतो कसा, "ऱ्हाऊ द्या ओ. उलट तुमी उपटलेली हिकडं टाका, मुळासकट. लावतो."

हद्द झाली! तणाचा वैरी तण लावणार! मी आठवडाभर बोललो नाही.

मग एका संध्याकाळी भांडायच्याच तयारीनं कुंपणापाशी गेलो. त्या पट्टीत अप्पांच्या बायको, गंगाक्का, उकिडव्या बसून खुरपत होत्या. वर्षभरात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती, एवढं गल्लीला ठाऊक होतं. अप्पा जवळच उभे होते. मला पाहून कुंपणाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "लगीन नवं हुतं तवा मंद्रूपला लोकांच्या रानात खुरपायची. आता खुरपं हातात असलं की निवांत असती, न्हाय तर दिसभर रडती. वाफ्यात सोडली तर वांगीच उपटती, म्हणून तितं चादर घालून तणच ठेवलं न्हाय. पर हिला उपटाया कायतरी नको का, मास्तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गंगाक्का उठल्या. "मालक, पात सरली माजी, समदी खुरपून झाली. आता घरी जाऊ द्या की."

मालक! आमच्याकडे बाई नवऱ्याला मालक म्हणते आणि रानाच्या धन्यालाही. गंगाक्कांनी जन्मभर अप्पांना हीच हाक मारली होती. अप्पा आशेनं त्यांच्याकडे बघत राहिले.

"आमचं मालक घरी वाट बगत बसल्यात," त्या म्हणाल्या. "भुकेलं असत्याल."

अप्पांनी त्यांच्या हातातलं खुरपं घेतलं. "जा बाई," ते म्हणाले, "बिगीबिगी जा. त्यास्नी खोळंबून ठेवू नगंस."

गंगाक्का पदर सावरत, भिंत धरत पुढच्या दाराकडे निघाल्या. आणि साठी उलटलेले अप्पा धोतर खोचून मागच्या दारानं धावत आत शिरले, त्यांच्याआधी घरात वाट बघत बसायला.