चीफसाहेबांची माहेरवाशीण

आमचे चीफसाहेब म्युझियममधल्या मूर्तींशी मराठीत बोलतात. दर शनिवारी सकाळी आमच्या ईस्ट कोस्ट वस्तीतून बस पकडून शहरातल्या म्युझियममध्ये जायचं, हात मागे बांधून प्रत्येक काचेसमोर उभं राहायचं, खालची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि मग मूर्तीला अदबीनं विचारायचं, "बाई, तुम्ही इथं कशा आलात?" एखाद्या पाटीवर कुणी दिली, कधी दिली हे नीट लिहिलेलं असलं की मान डोलावून पुढे. नसलं तर तिथंच ठिय्या. तिथला सुरक्षारक्षक आता त्यांना सवयीनं खुर्ची आणून देतो.

दिगंबर पेडणेकर हे त्यांचं खरं नाव. आयुष्यभर बोटींवर इंजिनं सांभाळली, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या काँडोत, आमच्या बरोबर समोरच्या फ्लॅटमध्ये स्थिरावले. मी पुण्याहून इथं परदेशात आलेला आयटीवाला, त्यामुळे माझं काम म्हणजे काम नव्हेच असं त्यांचं ठाम मत. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांचं एकच उत्तर: "आधी गळती शोधा." आमचं वायफाय बंद पडलं, गळती शोधा. मंडळाच्या गणपतीत दोन कुटुंबांचं वाजलं, गळती शोधा. माझ्या लेकीला गणितात कमी मार्क पडले तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. "अंकल, maths got no pipe lah," असं ती म्हणाली, तेव्हा ते आठवडाभर हसत होते.

त्यांच्या पत्नी, सुलभाकाकू, गेल्यापासून ते जरा जास्तच बोलायला लागले. रविवारी फिरून झालं की आम्ही चारपाच मराठी मंडळी हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नाश्त्याला बसतो. एकदा तिथं युद्धात लुटल्या गेलेल्या म्युझियमचा विषय निघाला. कुणी म्हणालं, दोष सैन्याचा, दारावर पहारा ठेवला नाही. दुसऱ्यानं चोरांना धारेवर धरलं. मी आपला, युद्ध सुरू करणाऱ्यांना बोल लावून मोकळा झालो. चीफनी शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवलं. इथल्या रिवाजाप्रमाणे जागा धरायला कुणीतरी तिथं टिश्यूचं पुडकं ठेवून गेलं होतं, आणि ट्रे घेऊन ताटकळणारी माणसंही त्या टेबलाला शिवत नव्हती.

"त्या पुडक्यावर कोण पहारा देतंय?" ते म्हणाले. "पहारा नव्हता, मान्य. चोरानं उचललं, मान्य. पण त्याला का ती मूर्ती देवघरात ठेवायची होती? घेणारा उभा होता म्हणून त्यानं नेली. गळती तिथं आहे."

इतकं चिडून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कॉफी तशीच टाकून ते घरी गेले.

त्यानंतर महिनाभरानं त्यांचा फोन आला. मेधाला घेऊन ये, म्हणाले, आणि येताना ओटीचं सामान आण. मेधा माझी बायको. आम्ही दोघं चक्रावलो. त्या घरात आता ओटी भरायची कुणाची? तरी मी सेरंगून रोडच्या भारतीय बाजारात जाऊन नारळ, तांदूळ, खणाचं कापड घेऊन आलो.

चीफनी देवघरातली देवी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली होती. ही देवी आम्ही वर्षानुवर्षं पाहत होतो. वीतभर उंचीची, दगडाची, मोठ्या डोळ्यांची, दोन्ही हात छातीशी जोडलेली. कुठली देवी, असं विचारलं की काकू म्हणायच्या, "नाव नाही सांगत, पण ऐकते सगळं." दगड झिजेल म्हणून तिला आंघोळ नसायची. रोज सकाळी नुसतं हळदकुंकू. कपाळावरचं कुंकू दगडात इतकं मुरलं होतं की ते मुळातच तिथं असावं असं वाटे.

"आखातातल्या एका बंदरात घेतली," चीफ म्हणाले. "बोटीवर माल विकायला एकजण यायचा. शेजारच्या देशात युद्ध चाललं होतं. ही कुठून आली असेल ते कळायला इंजिनियर असायची गरज नव्हती. मी विचारलं नाही. सुलभाला आवडेल, एवढंच मनात आलं."

त्यांनी मूर्ती हळूच आडवी केली. बुडाशी काळ्या शाईतला बारीक नंबर होता. तो त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता. बोटीवर प्रत्येक स्पेअर पार्टला नंबर असतो, तसा हा विकणाऱ्याचा असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. काकू गेल्यावर शनिवार खायला उठायचा, म्हणून ते गार हवेत बसायला म्युझियममध्ये जाऊ लागले. तिथं एका वाडग्याखाली आरसा ठेवला होता. त्या आरशात वाडग्याच्या बुडाशी, काळ्या शाईत, तसाच नंबर दिसला.

"ती त्या युद्धाच्या देशातल्या म्युझियमची होती. गळती सापडली," ते म्हणाले. "माझ्याच घरात."

दुसऱ्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीत जायचं ठरलं होतं. मी म्हटलं, चीफ, काकूंचा रोजचा हात लागलेली एवढी एकच वस्तू उरलीये तुमच्याकडे. कुणाला काही ठाऊक नाही. ते मेधाकडे वळून म्हणाले, "सुलभानं तिला रिकाम्या हातानं माहेरी धाडलं नसतं. ओटी सवाष्णीनं भरायची, म्हणून तुला बोलावलं."

मेधानं ओटी भरली. तिला रडू आवरेना. चीफ मात्र, नारळ नीट बसला का, हे वाकून बघत होते.

वकिलातीतल्या बाई वयस्कर होत्या. नंबर पाहिल्यावर त्यांनी चष्मा काढला. मग अगदी सौम्यपणे त्यांनी विचारलं, तुम्हाला ही सापडली, असं लिहू का?

"नो मॅडम," चीफ म्हणाले. "आय बॉट इट. तसंच लिहा."

मी शेजारी बसलो होतो. आयुष्यात अनेक सत्कारांना टाळ्या वाजवल्या आहेत, पण त्या खोलीत मला आमच्या या माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. कपाळावरचं लाल काय आहे, असं बाईंनी विचारलं. चीफना इंग्रजीत कुंकू सांगता येईना. "माय वाइफ," एवढंच म्हणाले. "एव्हरी मॉर्निंग." बाईंनी नारळतांदळासकट सगळं जवळ घेतलं.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. देवघरात गणपती आणि बाळकृष्ण यांच्यामध्ये जिथं देवी असायची, तिथं टिश्यूचं एक नवं, न फोडलेलं पुडकं ठेवलेलं होतं. मला हसू आलं. म्हटलं, चीफ, देवघरात कसली जागा धरताय? ती काही परत यायची नाही.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "दोघींपैकी कुणीच नाही येणार."

आणि पुडकं जरासं तिरपं झालं होतं, ते त्यांनी बोटानं सरळ केलं.