मोठ्या माणसाचं कोरं पान

आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि ते खरं असल्याचा तोच पुरावा. खोटं सांगायचं असतं तर पटेल असं सांगितलं असतं. तेवढी अक्कल मला आहे.

राष्ट्राची उन्नती संगीतावर अवलंबून असते, संगीताची संगीत-मासिकांवर, आणि मासिकाची उन्नती त्यात काय छापलं यापेक्षा काय छापलं नाही यावर. हे तत्त्व जगाला उस्मानाबाद जिल्ह्याने दिलं. (जगाकडून अद्याप पोच आलेली नाही.)

काल येरमाळ्याच्या फाट्यावर बंडप्पाच्या हॉटेलात मी हेच सांगत होतो. ऐकायला खुद्द बंडप्पा, बस चुकलेली पाच-सहा माणसं आणि दारात शेंगा भाजत बसलेली म्हातारी. तिला सगळे शेंगावाली मावशीच म्हणतात. शेंगा खरपूस असल्या की नाव कोण विचारतो?

तर, त्र्याहत्तरचा उन्हाळा. विहिरीत वाकून पाहिलं तर पाण्याऐवजी पलीकडच्या गावचा माणूस दिसायचा, इतक्या विहिरी खोल गेलेल्या. त्या काळी जिल्ह्यात डोळ्यांना दिसेल त्या वस्तूची सहकारी संस्था निघत असे. उसाची, दुधाची, सुताची, कोंबड्यांची. पण ऊस पाणी मागतो, म्हैस पाणी मागते, कोंबडीसुद्धा चोच वर करून पाणीच मागते. ढोकीच्या अलीकडे आमचं गाव. तिथले आबाराव एक दिवस म्हणाले, "बिनपान्याचं काय पिकतंय, सांगा."

"गाणं," व्यंकटराव म्हणाले.

झालं. आठवड्यात 'नादविकास सहकारी संगीत मासिक उत्पादक संस्था मर्यादित' उभी राहिली. आबाराव चेअरमन, व्यंकटराव व्हाइस चेअरमन, मी सल्लागार. (सल्ला कुणी मागितला नाही, तरी मी दिला.) संचालक इतके झाले की उरलेल्या गावाला सभासद म्हणावं लागलं.

एकच अडचण होती. संस्थेत निदान एक तरी गाणारं माणूस हवं, असं पोटनियमात चुकून लिहिलं गेलं होतं. शोध घेता खडी फोडायच्या दुष्काळी कामावर गजराबाई सापडली. ती ओवी म्हणे आणि त्या तालावर सगळ्या बायांचे हातोडे पडत. ताल इतका पक्का की खडीसुद्धा सारख्या मापाची निघायची. पहिल्याच बैठकीत ठराव झाला: पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ गजराबाईचं.

तिने पदर सावरला. "माज्या दोगी लेकी पार कानडी मुलखात, आळंदकडं दिल्याती. चार सालं झाली, त्यांचं त्वांड दिसंना, माजं त्यांना दिसंना. पुस्तकात फोटू आला तर धाडून देईन. आय हाय अजून, येवढं तरी कळंल."

सगळे गहिवरले. ठरावाला अनुमोदन मी दिलं.

छपाईसाठी नळदुर्गाहून शरणबसप्पा आला. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्याची हयात गेलेली. त्याने संचालक मंडळाला संगीत-मासिकाच्या मांडणीचे नियम समजावून दिले. गवयाचे डोळे मिटलेले पाहिजेत. उघडे असले तर ते सिनेमाचं मासिक होतं. सतारियाने स्वतःच्या सतारीकडे असं पाहावं की जणू ती शेजाऱ्याची आहे. तंबोरा पानाच्या कडेला कापला गेलाच पाहिजे. (यामुळे तंबोऱ्याला वरचं टोक असतं ही गोष्ट वाचकांपासून आजवर गुप्त राहिली आहे.) लेखाचं पहिलं अक्षर एवढं थोर हवं की त्याच्या सावलीत चार ओळी बसतील. भैरवीवरच्या लेखाशेजारी ऑइल इंजिनाची जाहिरात. आणि लेख रंगात आला की "पुढे पान चाळीसवर" असं छापून अंक अडतीस पानांत संपवायचा.

"म्हंजे पुढं काय झालं ते कळतच न्हाय?" व्यंकटरावांनी विचारलं.

"साहेब, म्हणून तर पुढचा अंक घेतात," शरणबसप्पा म्हणाला.

मग त्याने नमुना म्हणून शहरातलं एक उंची मासिक पिशवीतून काढलं. मुखपृष्ठ पाहून मंडळ गार पडलं. सगळं पान कोरं, आणि खाली कोपऱ्यात अंगठ्याएवढा एक गवई.

"शाई सरली व्हती का वो?" आबारावांनी हळहळून विचारलं.

"न्हाई साहेब. गवई लई मोठा आहे. जितका माणूस मोठा, तितका फोटो बारका आणि जागा मोकळी. तशी पद्धतच आहे."

शहरात हे समजायला दोन पिढ्या गेल्या असतील. आमच्या मंडळाला एका चहात समजलं. कारण उघड आहे. वीतभर वावर असलेला गडी बांधापर्यंत पेरतो. रान न पेरता पड टाकायची ऐपत फक्त मोठ्याची. पानाचंही तेच. ज्याला इंच न् इंच छापावा लागतो, तो भिकारी.

चेअरमन लगेच म्हणाले, "माझा फोटू ज्वारीच्या दाण्यायेवढा घ्या. बाकी पड ठेवा."

व्यंकटरावांनी मोहरीएवढा मागितला. तिसऱ्या संचालकाने खसखशीएवढा. चौथा गुंडप्पा. तो विरोधी पॅनेलचा. तो उठून म्हणाला, "माझा फोटोच नको. नुसतं नाव घाला." त्यावर चेअरमननी आपलं नावही काढून टाकलं. मग गुंडप्पाने पानावरचा आकडा काढायला लावला. रात्री विचार करून सकाळी चेअरमननी दोन पानं कोरी मागितली.

अशा रीतीने अंक सिद्ध झाला. संपूर्ण कोरा. संगीताच्या इतिहासात एवढे मोठे लोक एका अंकात पूर्वी कधी आले नव्हते.

इथं शरणबसप्पा अडून बसला. "समदंच कोरं ऱ्हायलं तर मी छापलं काय, सांगा? गावात मला तोंड दाखवायचं आहे. एक तरी पान काळं करा."

कोण काळं व्हायला तयार होणार? पुढाऱ्यांची एवढी विनयशीलता मी पुन्हा पाहिली नाही. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणे, "ह्यांचं छापा." शेवटी सर्वांना एकदमच गजराबाई आठवली. मुखपृष्ठ अर्थातच चेअरमनच्या पडीत गेलं होतं. तिला आत सतरावं पान मिळालं, आणि तिची पायरी तिला कळावी म्हणून फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला. वर कपाळ कापलं गेलं, खाली हनुवटी. मोकळी जागा म्हणाल तर दोन दातांच्या मधे होती तेवढीच. राहिलेल्या फटींत तिच्या ओव्या बारीक खिळ्यांत कोंबल्या.

"बिचारी," चेअरमन म्हणाले. "पर कुनीतरी हलकं लागतंच."

अंक निघाला आणि हातोहात खपला. त्या साली वह्यांचा तुटवडा होता. वाचकांनी मासिकावर खडीची मापं लिहिली, पोरांनी पाढे गिरवले, एकाने मुलीची पत्रिका मांडली. (ती जुळली.) वाचक मासिकात इतका रमल्याचं उदाहरण अन्यत्र नाही. पण संचालकांची पंचाईत झाली. पाहुण्यांना अंक दाखवताना आपलं पान कोणतं, हेच सापडेना. गुंडप्पा आणि व्यंकटराव एकाच पानावर हक्क सांगू लागले. प्रकरण हमरीतुमरीवर आलं. अखेर मोजणीदार आणून मधे बांध घालायचं ठरलं.

फक्त सतरावं पान कुणालाही उघडलं की सापडायचं. गजराबाईने ते खडीच्या ढिगावर बसून पाहिलं. नथीतला मोती लिंबाएवढा छापला होता. ती एवढंच म्हणाली, "आता लेकींना चष्मा लागला तरी दिसंल."

पान आळंदला गेलं. पंधरा दिवसांत दोघी लेकी ते छातीशी धरून एस. टी.तून उतरल्या. माय-लेकींनी असा गळ्यात गळा घातला की दुष्काळी कामाच्या मुकादमाने हजेरी घेणं थांबवलं.

"पुढं?" बंडप्पा म्हणाला. त्याची किटली उतू चालली होती.

पुढं काय! पुढच्या साली गजराबाई गेली. घरात दोन्ही लेकी उशाशी आणि ते सतरावं पान तिच्या उरावर. जाताना ओठ हलत होते. ओवीचा शेवटचा चरण अर्धाच राहिला. शरणबसप्पाने मातीला येऊन सांगितलं की तो चरण आता पान चाळीसवर मिळेल.

बस आली, हॉर्न वाजवून गेली, कुणी उठलं नाही. बंडप्पाने फडकं डोळ्यांना लावलं. दारातली शेंगावाली मावशी तर पदरात तोंड घालून हुंदके देत होती. शेंगा करपल्या तरी तिला भान नाही. (वाचकांपैकी ज्यांनी रुमाल काढला असेल त्यांनी लाजू नये. चांगल्या घरच्या माणसांचं असंच होतं.)

एवढ्यात मावशीने नाक शिंकरलं, पदर खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"पावणं, ढोकीच्या अलीकडचंच गाव म्हनलाव न्हवं?"

"होय."

"त्र्याहत्तरला खडीवर?"

"होय की."

"तितं गजराबाई एकच व्हती. म्या." ती उठून उभी राहिली. "म्या जल्मात कदी गायले न्हाय. मला लेकी न्हाईत, पाच ल्योक हायेत. आन् तुमी मला माज्याच मरनावर रडिवलं, शेंगा करपल्या त्या येगळ्याच!" मग तिने हॉटेलभर डोळे पुसणाऱ्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "आन् तुमी समदी शिकली-सवरलेली मानसं. फुकटचं रडला न्हवं? मग आता तेराव्याला काय गोड केलं व्हतं, तेबी इचारून घ्या की!"