फार तालात वाजवणारा पाहुणा

या, अशा जवळ सरका! आमच्या होयनित्सेत जर्मन हेर कसा पकडला गेला नाही, ते सांगते.

"ईस्टरच्या आत हेर पकडून दाखवतो!" ही गर्जना कॅप्टन विर्वित्स्कींची. जर्मनीची सरहद्द आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून वॉर्साने हे रत्न धाडलं. चौकात आधी मिशी यायची, मग साहेब. अक्कल मागच्या गाडीने!

युक्ती त्यांची एकच. दिसेल त्याला म्हणायचं, "येशू ख्रिस्ताची स्तुती असो!" पोलिश माणूस आपसूक म्हणणार, "युगानुयुगे, आमेन!" जो ततपप करेल, तो जर्मन!

शनिवारी पहिला कोण सापडावा? माझा नवरा बोनिफात्सी! चर्चमध्ये ऑर्गन वाजवून वाजवून कानांचे दगड झालेले. रस्त्यात जो तो त्याला प्रार्थनेची वेळ विचारतो, तर हा साहेबांना म्हणाला, "उद्या चार वाजता!"

"चार वाजता काय? स्फोट?" साहेब किंचाळले.

"हो, हो, सगळ्यांना घेऊन या!"

झालं! बेड्या! सोमवारच्या गाडीने लष्करी कोर्टात. आणि हेराला तिथे गोळी घालतात हो!

मी पाय धरले. "साहेब, बहिरा आहे तो!"

"काकू, सगळे हेर असंच सांगतात."

आणि साहेबांच्या शेजारी बसून चहा कोण पितंय? संतांच्या तसबिरी विकणारा कुलिकोव्स्की! त्याने "आमेन" असं म्हटलं होतं की साहेबांचे डोळे पाणावले. "उद्या ऑर्गन मी वाजवीन," म्हणाला तो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातली, रविवारची गायची प्रार्थना म्हणजे माझा जीव की प्राण! फादर सूर लावतात, आणि आमची मंडळी मधात पडलेल्या माशीसारखी गातात. एका सुरावर बसायचं, हुंदका द्यायचा, नाक पुसायचं, मग पुढचा सूर. बोनिफात्सी सगळ्यांसाठी थांबतो. त्या रविवारी हा कुलिकोव्स्की बाबा मात्र टक, टक, टक! आम्ही दुसऱ्या ओळीत, तर ह्याचं कडवं संपलेलं!

"अगं पेलाग्या," माझ्या बाकावरची रोझालिया आजी कुजबुजली, "हा वाजवतोय की कवायत घेतोय?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या बाकावर साहेब बसले होते, त्यांना ओरडून म्हटलं, "कॅप्टनसाहेब, हा जर्मन आहे!"

"शुद्धीवर या, काकू! एक सूर चुकला नाही त्याचा!"

"अहो, तेच तर सांगतेय! आपला असता तर पहिल्याच ओळीला रडत बसला असता!"

ऑर्गन मधेच थांबला. ऑर्गनच्या माडीच्या जिन्यावर धडधड पावलं. साहेबांनी तलवार उपसली, ती दोन बाकांत अडकली! ती सुटेपर्यंत पाहुणा साहेबांच्याच सायकलवरून सरहद्दीपार! मागे राहिलेल्या त्याच्या तसबिरींच्या खोक्यात वर संत, खाली आमच्या रेल्वेपुलाचे फोटो.

साहेबांना पदक मिळालं. कशाबद्दल, विचारू नका! बोनिफात्सी सुटला, मी गुडघ्यांवर बसून देवाचे आभार मानले.

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा वाजवू लागला, तर सगळं चर्च चुळबुळायला लागलं. बाहेर रोझालिया आजीने त्याला गाठलं आणि कानात ओरडली, "बोनिफात्सी, तो मेला जर्मन होता खरा, पण त्या दिवशी लवकर सुटलो, घरी सूप गरम मिळालं हो! जरा तसं वाजव की!"

फादरही खाकरले. म्हणाले, "कल्पना वाईट नाही."

तेव्हा मंडळी, आज झोपताना एक प्रार्थना माझ्या बोनिफात्सीसाठी म्हणा. कोर्टाच्या तावडीतून सुटला बिचारा. गावाच्या तावडीतून सुटेलसं दिसत नाही!