सायकल दुकान थांबा आणि माझं डोकं

माझ्या डोक्याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. एक माझं, की ते फार चालतं. दुसरं बाकी सगळ्यांचं, की ते अधूनमधून थांबलं तर घराला विश्रांती मिळेल. आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही कुणाच्या बाजूला जाल हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, कारण पोटात ठेवून ठेवून कंटाळा आलाय.

मी घरी कपडे शिवते. पहिल्या मजल्यावर खिडकीशी माझी मशीन, खिडकीखाली आमचं फाटक आणि फाटकाला लागूनच बसचा थांबा. सकाळी दहाच्या उन्हात बस येते, तिचं छप्पर खिडकीखालून हळूच सरकतं, आणि पायडल मारता मारता मला वाटतं की बस जागेवर उभी आहे आणि आमचं घरच कुठेतरी निघालंय. अशा वेळी टीप वाकडी जाते. गिऱ्हाइकाला मी सांगते की हल्ली असंच शिवतात.

थांब्याचं नाव ‘सायकल दुकान’. दुकान मात्र नाही. ते होतं आमच्या सासऱ्यांचं, शहर इथे येऊन संपायचं त्या काळात. कंडक्टरला ओरडायला काहीतरी नाव हवं, म्हणून तो ‘सायकल दुकान, सायकल दुकान’ ओरडायचा. मग तशी पाटीच लागली, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. पुढे सासरे गेले, दुकान गेलं, त्या जागी आमची तीन मजली इमारत उभी राहिली, आणि शहर आम्हाला ओलांडून चौदा थांबे पुढे निघून गेलं. पाटी तेवढी राहिली.

सासूबाई रोज दहाच्या बसने जायच्या. कुठे, असं विचारलं की म्हणायच्या, “कुठे नाही गं. जाते आणि येते.” शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, त्याच बसने परत यायचं. येताना बसमधलं यंत्र म्हणायचं, ‘पुढील थांबा, सायकल दुकान’. मग त्या पदर सावरून उठायच्या, सासऱ्यांनी आतून हाक मारल्यासारख्या.

एका सकाळी थांब्याच्या खांबावर कागद चिकटलेला दिसला. या थांब्यावर प्रवासी कमी आहेत, सोमवार ते रविवार प्रवाशांची नोंद घेण्यात येईल, त्यानंतर थांबा बंद करण्याबाबत निर्णय होईल. सासूबाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि वर येऊन न जेवता पडून राहिल्या.

“आई, तुम्ही जेवून घ्या,” मी म्हटलं. “प्रवासी कमी आहेत ना? मग वाढवू. माझ्यावर सोडा.”

आमचे हे चष्म्याच्या दुकानात असतात. समोरच्याला दिसत नाही हे त्यांना लगेच कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटातली भाजी उगाच इकडून तिकडे केली.

“तू काय करणार आहेस?”

“साधं आहे. बसमध्ये चढायचं, पुढच्या थांब्यावर उतरायचं, चालत परत यायचं, पुन्हा चढायचं. पुढचा थांबा केवढा लांब आहे? चारशे पावलं. एका माणसाच्या दिवसाला वीस फेऱ्या सहज होतील.”

“आणि दुकान?”

“आठवडाभर लोकांना थोडं धूसर दिसलं तर काही बिघडत नाही,” मी म्हटलं.

सोमवारी आम्ही तिघं होतो. मी, हे आणि कॉलेज बुडवायला एका पायावर तयार असलेली आमची लेक. चढताना कार्ड लावायचं, उतरताना कार्ड लावायचं, की चालू लागायचं. मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि सोबत हवी होती. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले ते फळा घेऊनच. त्यांनी फाटकात वेळापत्रक लिहिलं, आम्हाला गटांत वाटलं आणि शिट्टी फुंकली. मी माझ्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले की कपडे हवे असतील तर बसने या, बसने जा, आणि एकाच थांब्यापुरतं जा. लग्नाचे कपडे माझ्याकडे अडकलेली एक मुलगी बिचारी अकरा फेऱ्या करून गेली.

“एकच थांबा,” हेडमास्तर प्रत्येकाला बजावायचे. “पुढे जाऊ नये. पुढे जाणं म्हणजे वेळेचा अपव्यय.”

एका गृहस्थाला खरोखरच कामावर जायचं होतं. काकूंनी त्यालाही उतरवला.

बुधवारी गंमत झाली. पुढच्या थांब्यासमोर फर्निचरचं दुकान आहे. दर दहा मिनिटांनी माणसं उतरतात, दुकानाकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि एकाच दिशेला चालू लागतात, हे दुकानदार दोन दिवस बघत होता. आधी त्याला वाटलं मोर्चा आहे, म्हणून त्याने अर्धं शटर ओढलं. मग राहवेना, तेव्हा तो आमच्या मागोमाग आला. आमच्या थांब्यावर रांग बघून त्याने पुढच्या माणसाला विचारलं, “इथे काय मिळतंय?”

पुढचा माणूस माझं गिऱ्हाईक. त्याला तरी कुठे नीट माहीत होतं? तो म्हणाला, “आधी फेऱ्या पूर्ण करायच्या असतात.”

बस्स. गुरुवारी सकाळपर्यंत बातमी पसरली की नव्या वसाहतीतल्या घरांचे अर्ज सायकल दुकान थांब्यावर मिळणार आहेत आणि ज्याच्या फेऱ्या जास्त त्याचा नंबर आधी. लांबलांबच्या उंच इमारतींतून माणसं आली. कुणी ओळखपत्र आणलं, कुणी जन्मदाखला, एका बाईने तर आजेसासऱ्यांचा फोटो आणला होता. मी खरं सांगायला गेले, की अहो, घरंबिरं काही नाही. त्यावर ती बाई माझ्याकडे बघून हसली. “तुमचं लागलं वाटतं?” म्हणाली.

मी पुढच्या फेरीला लागले. खरं सांगायचं तर गर्दी बघून मला झोपेत हसल्यासारखं होत होतं.

फक्त एक माणूस माझं ऐकत नव्हतं, ते म्हणजे सासूबाई. सगळं गाव एका थांब्यावर उतरतंय आणि या आपल्या खिडकीशी बसून शेवटापर्यंत. दीड तासात एक फेरी. दिवसातून फार तर दोन. हेडमास्तरांनी फळ्यावर त्यांच्या नावापुढे लाल खडूने खूण केली. शुक्रवारी मी ठरवलं की आज शेजारी बसायचं आणि पुढच्या थांब्यावर हाताला धरून उतरवायचं.

“आई, उतरा.”

“बस गं जरा,” त्या म्हणाल्या. “पाय बघ कसे सुजलेत तुझे.”

मी बसले, आणि पाच दिवसांची दमणूक एकदम अंगावर आली. बस डुलत होती. ऊन काचेतून मांडीवर येत होतं, जात होतं. एकसारख्या इमारती, एकसारख्या गॅलऱ्या, गॅलऱ्यांत वाळणारे कपडे. प्रत्येक सदऱ्याची शिलाई मी मनातल्या मनात उसवत होते आणि पुन्हा घालत होते. डोळा लागायचा, उघडायचा, आणि दर वेळी शहर आणखी थोडं पुढे गेलेलं असायचं. जिथे आम्ही मुलीला पतंग उडवायला आणायचो तिथे लिफ्टच्या दुरुस्तीचं ऑफिस होतं. तळं होतं तिथे तळ्याच्या नावाची सोसायटी होती. यंत्र गोड आवाजात थांब्यांची नावं सांगत होतं, आणि ती नावं हळूहळू संपली, नुसते आकडे उरले. सेक्टर बारा. सेक्टर तेरा.

शेवटच्या थांब्यावर फक्त एक खांब होता. पुढे गुळगुळीत रस्ता, त्यावर एकही माणूस नाही, भर दुपारी पेटलेले दिवे, आणि दोन्ही बाजूंना वाऱ्यावर हलणारं गवत. ड्रायव्हर इंजिन बंद करून पाणी प्यायला. इतकं शांत की माझ्या कानात मशीनचा आवाज येत राहिला.

“बरं वाटतं ना इथे?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, पण इथे आहे काय?”

“काहीच नाही. आपल्याकडेही असंच होतं गं, मी लग्न करून आले तेव्हा. गवत आणि यांचं दुकान.” त्यांनी पदराने काच पुसली. “बसमध्ये या नव्या बाया विचारतात, आजी कुठे राहता? मी म्हणते, सायकल दुकान. त्यांना लगेच कळतं. त्यांना वाटतं केवढं मोठं दुकान असेल. उद्या थांबा गेला तर मी काय सांगू? मलाही एखादा आकडा देतील.”

मी त्यांचा हात धरला. “आई, थांबा जाणार नाही. मी शब्द देते.”

शब्द देताना माणसाने जागं असावं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात बस खात्यातल्या अधिकारी बाई आल्या. तरुण, हसऱ्या, हातात टॅब. फाटकात आम्ही सगळे जमलो. हेडमास्तरांनी सदऱ्याला इस्त्री केली होती, काकूंनी फुलं आणली होती. अर्जवाल्यांपैकीही बरेच जण आले होते, अजून आशेवर.

“पहिल्यांदा तुमचं अभिनंदन,” बाई म्हणाल्या. “एका आठवड्यात या थांब्यावरून दोन हजार तीनशे अठरा प्रवासी चढले. आमच्याकडे कुणाचा विश्वासच बसेना.”

टाळ्या पडल्या. मी यांच्याकडे बघून भुवया उडवल्या.

“मग आम्ही हे लोक जातात कुठे ते पाहिलं. उतरताना तुम्ही कार्ड लावता, तिथे नोंद होते. तर त्यातले दोन हजार तीनशे तीन पुढच्याच थांब्यावर उतरले.”

टाळ्या जरा पातळ झाल्या.

“म्हणजे इथल्या लोकांची गरज स्पष्ट आहे,” बाई उत्साहाने म्हणाल्या. “तुम्हाला फक्त चारशे पावलं जायचं असतं. रस्ता उखडलेला, म्हणून बिचारे बसमध्ये चढता. यावर बस हा उपायच नव्हे. आम्ही तुम्हाला फूटपाथ देतोय. छान रुंद, मध्ये मध्ये बाकं, झाडं. आणि थांब्याची मग गरजच उरत नाही.”

शेवटी हेडमास्तरांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. “समजा, प्रवासी आणखी पुढे गेले असते तर?”

“तीन थांब्यांच्या पुढे ना? मग प्रश्नच नव्हता. इथे शेड दिली असती, एक जादा बस दिली असती. पण तसे पंधराच प्रवास निघाले. आणि त्यातले चौदा एकाच कार्डाचे.” बाईंनी टॅबवर बोट फिरवलं. “कुणी ज्येष्ठ नागरिक आहेत. रोज दोनदा शेवटपर्यंत जातात.”

सगळ्यांनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हेडमास्तरांनी हळूच फळा उलटा केला. आमचे हे आभाळाकडे बघत होते, तिथे कुणाचा तरी चष्मा राहिल्यासारखं.

सासूबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या हुशारीपायी एका म्हाताऱ्या बाईचा पत्ता आपणच पुसला, हे घेऊन मी रात्रंदिवस मशीनवर बसायचे आणि शिवलेलं उसवत राहायचे. महिन्याभरात फूटपाथ झाला. खांब कापायला माणूस आला तेव्हा मला खिडकीत उभं राहवेना. सासूबाई मात्र खाली गेल्या आणि त्याला म्हणाल्या, “बाळा, या पाटीचं तुम्ही काय करणार?”

“भंगारात जाईल, आजी.”

“मग मला दे.”

त्याने साहेबांना फोन करून विचारलं, सासूबाईंची एका कागदावर सही घेतली आणि पाटी दिली. सासूबाईंनी ती पदराने पुसली, आमच्या ह्यांना हाक मारली आणि फाटकाच्या खांबावर रस्त्याकडे तोंड करून चार खिळ्यांनी ठोकून घेतली.

“आई, घरातच लावू या ना,” मी भीत भीत म्हटलं.

“घरात अंधार असतो,” त्या म्हणाल्या. “त्यांना उजेडाची सवय.”

मी डोळे पुसले. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन. असू दे.

सोमवारी सकाळी मी मशीनवर होते. दहाच्या उन्हात बसचं छप्पर खिडकीखाली सरकलं, आणि थांबलं. मला वाटलं, डोळा लागलाय. खाली वाकून बघते तर दार उघडलेलं, आणि सासूबाई कठड्याला धरून सावकाश चढतायत. मार्ग लांबला म्हणून खात्याने नवे ड्रायव्हर घेतले होते. नव्या माणसाला काय, पाटी दिसली आणि पाटीखाली आजी दिसली, की तो गाडी थांबवणार.

“आई, थांबा, मीही येते,” मी ओरडले. हातातलं कापड टाकलं, चपला घातल्या आणि जिना उतरून फाटकात पोचले, तोवर बस निघाली होती. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं असणार, पण त्या समोरच बघत होत्या.

पुढची बस दहा मिनिटांनी आली. मी पाटीखाली उभी राहून हात केला. ड्रायव्हर जुना होता. त्याने खिडकीतून फूटपाथकडे बोट दाखवलं आणि गाडी पुढे नेली.

मग मी गेले चालत. फूटपाथ बाकी खरंच छान झालाय.