पाच जनावरांची अट

सरवद्यांच्या घरी गॅस येऊन तेरा दिवस झाले होते, आणि या तेरा दिवसांत वैजयंतीने आजूबाजूच्या निदान तीस बायकांना लायटरचा 'टक' ऐकवला होता. सहा वर्षं नंबर लावून मिळालेला सिलिंडर होता तो. खांदेश्वरच्या देवळाकडच्या त्या नव्या कॉलनीत नळाला दिवसाआड पाणी यायचं, रस्त्यावर दिव्यांचे खांब होते पण दिवे नव्हते. तिसऱ्या मजल्यावर सरवद्यांकडे मात्र गॅस होता. वैजयंतीने सिलिंडरला क्रोशाचं पांढरं कव्हर विणलं होतं आणि त्याला गुलाबी झालर लावली होती. बीडहून आलेल्या सासूबाईंना ते लांबून टोपडं घातलेलं बाळच वाटलं.

तिचा नवरा जयदेव सरवदे विस्तार अधिकारी होता. त्याच्याकडे त्या वर्षी गोबर गॅसचं काम होतं. तेलापायी देशाचा पैसा परदेशात जातो आणि खरा तेलाचा साठा आपल्या गाईम्हशींच्या शेणात आहे, हे दिल्लीला त्या सुमारास कळलं होतं. दिल्लीला कळलं की मुंबईला कळतं, मुंबईला कळलं की जिल्ह्याला कळतं, आणि जिल्ह्याला कळलं की जयदेवच्या टेबलावर एक उद्दिष्ट येऊन पडतं. एकतीस मार्चच्या आत बारा संयंत्रं. जयदेवने बाराच्या बारा बांधून दिली. खड्डा, लोखंडी टाकी, पाइप. तक्त्यात 'संयंत्र बांधले काय?' असा रकाना होता. त्यातून गॅस निघतो काय, असा रकाना नव्हता, त्यामुळे त्याची चिंता कुणी केली नाही.

योजनेला अट एकच होती. लाभार्थ्याकडे किमान पाच जनावरं हवीत. आणि अडचणही तीच होती. नवं शहर वसवायला गावांची शेतं गेली, बंदराच्या रस्त्याला गायरानं गेली, आणि न्हावा शेव्याला बंदर सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या जागेत कंटेनर येऊन बसले. कंटेनर चरत नाही आणि शेणही टाकत नाही. पण जुन्या पशुगणनेत जनावरं शाबूत होती, आणि पशुगणना अजून कुणी विकली नव्हती.

जासईच्या अलीकडे हमरस्त्याला लागून राहणारी गिरजाबाई घरत अशीच एक लाभार्थी. तिचा नवरा तुळशीराम एका कंटेनर यार्डात वॉचमन होता. बैल आणि गाई विकून त्यांना सात वर्षं झाली होती. दारात गोबर गॅसची टाकी बसल्यावर गिरजाबाईने चार दिवस तिच्याकडे नुसतं बघितलं आणि पाचव्या दिवशी तिच्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातला. लोखंड तापतं छान, दुपारपर्यंत जवळा कडक होतो, म्हणून ती सरकारला दुवा देत होती. योजनेचा एवढा उपयोग झालेला जयदेवच्या नोकरीत हा पहिलाच दाखला होता.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना सोमवारी निमकरसाहेबांनी जयदेवला केबिनमध्ये बोलावलं.

"सरवदे, गुरुवारी डॉक्टर चतुर्वेदी येतायत. दिल्लीहून."

"कुणाला बरं नाही का, साहेब?"

"अहो, शेणाचे डॉक्टर! शेणावर पीएचडी केलीय त्यांनी. जैविक इंधन आणि देशाचा विकास, यावर जगभर भाषणं देत फिरतात. त्यांना एक चालू संयंत्र बघायचंय आणि त्याच्या गॅसवर केलेला चहा प्यायचाय."

"चालू?" जयदेवचा आवाज खोल गेला.

"तुमच्या अहवालात बाराही पूर्ण आहेत, म्हणजे चालूच. एवढं काय दचकताय?"

"नाही, म्हणजे, कुठलं दाखवायचं?"

"घरतबाईंचं. तिथं रस्ता चांगला आहे आणि दुपारचं जेवण बंदराच्या गेस्ट हाउसवर आहे. आणि हे बघा, गडचिरोलीला विस्तार अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे. मी अजून कुणाचं नाव कळवलेलं नाही."

साहेबांची सांगायची पद्धत नेहमीच अशी सौम्य होती. जयदेव तिथूनच गिरजाबाईकडे पळाला. ती टाकीवरचा जवळा हाताने खालीवर करत होती.

"मावशी, गुरुवारी या गॅसवर चहा करायचाय."

"ग्यास? कनचा ग्यास?" गिरजाबाई हसायलाच लागली. "सायब, शेत गेला, बैल गेलं, गाय गेली. आता घरान उरलो मी न् म्हातारा. शेन कोन देल?"

"शेण मी आणतो. तुम्ही फक्त जवळा काढा."

"म्हंजे चार दिसांचा ऊन फुकट! बरा, काढते. पन शेन तुमी आना, मी हात नाय लावनार."

मंगळवारी पनवेलच्या एका तबेल्यातून ट्रकभर शेण आलं. त्या ट्रकने जाऊन-येऊन जेवढं डिझेल जाळलं तेवढ्यात गिरजाबाईची चूल महिनाभर पेटली असती. पण ते डिझेल वाहतुकीच्या खात्यातलं होतं आणि वाचणारं इंधन विकासाच्या खात्यातलं, तेव्हा दोघांचा संबंध जोडण्याचं कारण नव्हतं. शेण खड्ड्यात पडलं. पण शेणाला दिल्लीचा कार्यक्रम कुणी कळवला नव्हता. ते आपल्या चालीने कुजणार, तीन आठवड्यांनी त्याला गॅस सुटणार. जयदेवने बुधवारी हे साहेबांना सांगितलं. साहेबांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"सरवदे, पेढे चांगले होते हो तुमचे."

"कुठले, साहेब?"

"घरी गॅस आला म्हणून वाटलेत ना ऑफिसात, ते."

ते पेढे वाटायची कुबुद्धी जयदेवला झाली नसती तर, असं त्याच्या मनात पुढे कितीतरी दिवस येत राहिलं.

"माझा गॅस?" वैजयंती हातातलं लाटणं तसंच धरून म्हणाली. "गोबर गॅसला माझा गॅस?"

"सकाळी नेतो, संध्याकाळी परत आणतो. जीपमधून. देशाचा प्रश्न आहे गं."

"मग देशाला स्टो द्या की! सहा वर्षं मी पिन मारत बसले होते तवा देश कुठं होता?"

"गडचिरोलीला पाठवतील मला."

वैजयंतीने क्षणभर विचार केला. चेहऱ्यावरून तरी तिला गडचिरोली फार लांब वाटत नसावी. शेवटी ती म्हणाली, "संध्याकाळी सातला मला सिलिंडर इथं पायजे. आन् कव्हर काढायचं नाही. एक चरा पडला ना, तर तुमी आन् तुमचा देश, दोघांना बघून घेईन."

गुरुवारी सकाळी सगळं जागच्या जागी बसलं. टाकी खड्ड्यात दगडांवर उचलून ठेवली, म्हणजे गॅस भरल्यासारखी वर आलेली दिसेल. टाकीचा पाइप घराच्या मागच्या भिंतीतून आत जात होता. तिथे आडबाजूला कव्हरासकट सिलिंडर ठेवला, पाइप टाकीपासून तोडून त्याला सिलिंडरची नळी जोडली आणि वर पेंढ्याचा ढीग रचला. स्वयंपाकघरात वैजयंतीची शेगडी मांडली. पाच जनावरांच्या अटीसाठी त्याच तबेल्यातून पाच म्हशी ट्रकने आणल्या आणि फोटोत बऱ्या दिसाव्यात म्हणून त्या पेंढ्याला लागूनच बांधल्या. प्रवासात त्यांना चारा घालणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं.

अकराला डॉक्टर चतुर्वेदी आले. गळ्यात हार पडल्यावर त्यांनी टाकीपाशी उभं राहून बोलायला सुरुवात केली. देशात जनावरं किती, एक जनावर दिवसाला किती शेण देतं, त्याचा गॅस किती, असं करत करत त्यांनी अर्ध्या तासात अरबस्तानातल्या विहिरी बंद पाडल्या. गिरजाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. देशातली इतकी जनावरं आहेत तरी कुठे, हा तिला पडलेला प्रश्न तिने मोठ्या मनाने विचारला नाही.

आणि तेवढ्यात जयदेवचं लक्ष म्हशींकडे गेलं. पाचही म्हशी अत्यंत शांतपणे, मान खाली घालून, पेंढा खात होत्या. ढीग कमरेएवढा होता तो गुडघ्याएवढा झाला होता. आधी गुलाबी झालर दिसली. मग क्रोशाचं फूल दिसलं. जयदेव हळूच सरकत तिथे गेला आणि काही सुचेना म्हणून सिलिंडरवर बसला.

"आप बैठ क्यों गए?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाय, सर. पाय दुखतो."

"बैठे किस पर हैं?" डॉक्टर दोन पावलं पुढे आले. निमकरसाहेबांनी डोळे मिटून घेतले. जयदेव उभा राहिला, कारण दिल्लीसमोर बसून राहण्याची हिंमत त्याच्या खात्यात कुणाचीच नव्हती. त्याला डोळ्यांसमोर गडचिरोली दिसत होती, आणि गडचिरोलीच्या वेशीवर लाटणं घेतलेली वैजयंती.

तेवढ्यात गिरजाबाई पुढे झाली. तिने हळदीकुंकवाची डबी आणलेलीच होती पाहुण्यांसाठी. चिमूटभर कुंकू तिने सरळ त्या पांढऱ्या कव्हरावर टाकलं आणि जयदेववर ओरडली, "सायब, देवावं बसलाव? काई अक्कल हाय का नाय?"

"देव?" डॉक्टरांनी विचारलं.

"राखनदार हाय आमचा," गिरजाबाई पदर सावरत म्हणाली. "जनावरा राखतो. याच्या मुलंच तं हा सगला चाल्लाय."

हे वाक्य निमकरसाहेबांनी हिंदीत करून सांगितलं, आणि त्या दिवशी तिथे बोललं गेलेलं तेवढं एकच वाक्य पूर्णपणे खरं होतं. डॉक्टरांनी बूट काढले, हात जोडले आणि आपल्या गळ्यातला हार त्या राखणदाराच्या गळ्यात घातला.

"विज्ञान और श्रद्धा का कैसा संगम है!" ते गहिवरून म्हणाले.

मग चहा झाला. तीस माणसांचा चहा बघता बघता उकळला. डॉक्टर घड्याळ लावून बसले होते. त्यांनी ज्योत पाहिली, वही काढली, आकडे मांडले आणि पुन्हा ज्योत पाहिली. वीस वर्षांच्या संशोधनात शेण इतक्या जोमाने जळताना त्यांनी पाहिलं नव्हतं. या हिशेबाने पाच वर्षांत देशाला बाहेरून तेल आणावं लागणार नाही, उलट आपणच शेजाऱ्यांना गॅस विकू, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. शिवाय हे संयंत्र आजपासून प्रात्यक्षिक केंद्र. दर मंगळवारी एकेका राज्याचे अधिकारी ते बघायला येतील.

"और सुनिए," ते जाताना निमकरसाहेबांना म्हणाले, "यहाँ की एक भी चीज़ हिलनी नहीं चाहिए."

पाच वाजता जयदेव जीप घेऊन सिलिंडर न्यायला आला, तर मागच्या भिंतीपाशी सहा बायका नारळ घेऊन उभ्या होत्या. शेजारची गोजरा लेकीच्या लग्नाचा नवस बोलत होती.

"मावशी," जयदेव कुजबुजला, "सिलिंडर द्या. सातला घरी न्यायचाय."

"देव हालवाचा नाय, सायब. दिल्लीच्या सायबानं हार घातला, सगल्या गावानं पाह्यला." मग तिने आवाज खाली आणला. "आनि मंगलवारी पाव्हनं येतील, तवा चाय कशावं करू? तुमीच सांगा."

स्वयंपाकघरातून बोंबलाच्या कालवणाचा वास येत होता. वैजयंतीच्या शेगडीवर ते मंद आचेवर झकास रटरटत होतं.

त्या रात्री सरवद्यांकडे स्टोला पिन मारण्याचा आवाज तेवढा होता, बोलण्याचा नव्हता. पुढे तर सगळं रीतसरच सुरू झालं. दर मंगळवारी म्हशी ट्रकने येत आणि संध्याकाळी परत जात. महिन्यातून एकदा राखणदार रिकामा व्हायचा. मग जयदेव आपल्या कार्डावर नंबर लावायचा, भरलेला सिलिंडर जीपमधून न्यायचा आणि गाव जेवायला बसलेलं असताना जुन्यावरचं कव्हर त्यावर चढवून ठेवायचा. त्याला जिल्ह्याकडून प्रशस्तिपत्र मिळालं. निमकरसाहेबांना बढती मिळाली. खड्ड्यातलं शेणही एव्हाना आपल्या चालीने कुजून तयार झालं होतं, पण त्याचा पाइप तोडून सिलिंडरला जोडलेला असल्यामुळे त्याची कुणाला गरज नव्हती.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी वैजयंती उठली, पिशवी घेतली आणि "माझा गॅस घेऊन येते" एवढंच बोलून एसटीने गेली. जयदेव दिवसभर घरात येरझारा घालत राहिला. दोन बायका समोरासमोर आल्या की काय होणार, प्रशस्तिपत्र राहणार की गडचिरोली, त्याला काही समजेना. संध्याकाळी ती परत आली. हातात सिलिंडर नव्हता. पिशवीत जवळा होता आणि अर्धा नारळ.

"काय झालं?" त्याने भीत भीत विचारलं.

"काही नाही. चांगली बाई हाय. पाच मिनिटांत चहा दिला, माझ्याच शेगडीवर." तिने स्टो पेटवला, पिठलं ढवळलं आणि त्याच्यापुढे ताट सरकवलं. "मला म्हनली, बाई, एवढी तणतण कशाला, तुमी पन नाव लावा, सरकार फुकट देतंय. मला पटलं. मी अर्ज केलाय."

"कसला अर्ज?"

"गोबर गॅसचा. तुमच्याच टेबलावर येईल उद्या. सही करा गुमान."

"अगं, तिसऱ्या मजल्यावर? आणि अट आहे त्याला, पाच जनावरांची! तू लिहिलीस तरी कुठली?"

वैजयंतीने त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

"चार तुमच्या हापिसातली लिहिली," ती म्हणाली. "पाचवं आत्ता पिठलं खातंय."